इनासचा बिल्ला आणि माझी जीभ

इनास,

पत्र तुला आहे, पण वाचणार फिलू. तुला देवनागरी येत नाही, मला रोमी कोंकणी लिहिता येत नाही, आणि तुझी बायको लहानपणी चार यत्ता मराठी शाळेत गेली हे आपलं दोघांचं नशीब. फिलू, मोठ्याने वाच. जिथे याला शिव्या दिल्या आहेत तिथे आवाज बारीक करू नकोस.

परवा तुझ्या मुलीचा इंग्लंडहून फोन आला. रडवेली झाली होती. पप्पांना म्हणे तिथल्या पोलिसांनी अडवलं. नातवाची ती विजेवर पळणारी, उभ्याने चालवायची गाडी घेऊन तू फुटपाथवरून भरधाव निघाला होतास, आणि पोलिसाने हात वर केला तेव्हा त्याला म्हणालास, "काय हवालदार, सकाळी सकाळी?" इनास मेल्या, पासष्ट वर्षांचा झालास! मी मात्र इतकी हसले की कवळी हातात घ्यावी लागली. नातवाने म्हणे विचारलं, आजोबांची पोलिसांशी आधीपासून ओळख आहे का. म्हणून लिहायला बसले. त्या पोराला सगळं खरं कळू दे. अर्धा दोष तुझा होता. उरलेल्या अर्ध्याबद्दल तू कधी कुणाला बोलला नाहीस, तेव्हा ते मीच सांगते.

साल त्र्याऐंशी. मी अडतीस वर्षांची, लग्न न केलेली, म्हापशात खोर्लीला आईबरोबर राहणारी आणि पणजीच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारी. तू चोवीस वर्षांचा पायलट, म्हणजे भाडं घेऊन मोटरसायकलच्या मागे माणसं नेणारा. येझदी मोटरसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं, खिशावर पितळेचा बिल्ला, नंबर एकशे बारा. तो बिल्ला तू रोज सकाळी राखेने घासायचास. तुझ्या आवयच्या तांब्यालाही कधी इतकी राख लागली नसेल.

बिल्ल्यावर तुझं लग्न टांगलेलं होतं. फिलूचा बाप पेद्रू पोदेर, त्याची पावाची भट्टी. त्याने सरळ सांगितलं होतं, "जावई बिल्ल्याचा पायलट असेल तर बरं. नसेल तर माझ्या भट्टीचा पाव सायकलवरून विकायला येऊ दे. रिकामा बसणारा मला नको." आणि तू पायलट स्टँडवर, सगळ्यांदेखत, छाती काढून म्हणाला होतास, "मी मेलो तरी पों पों भोंगा वाजवत पाव विकणार नाही!" जानेवारीतली तारीखही धरली होती.

आता माझं. आठ दहाची पणजीची बस मला पाच वर्षांत फार तर पाच वेळा मिळाली असेल. लोकांना सांगायची, आई आजारी असते, उशीर होतो. आई ठणठणीत होती, माझ्या आधी उठून माझा डबा भरत होती. खरी गोष्ट अशी की मला थांबवत नाही. स्टँडवर पाच मिनिटं उभं राहणं म्हणजे कुणीतरी माझ्या आयुष्यातली पाच मिनिटं चोरली असं वाटतं. म्हणून मी बस सुटायच्या बेताने पोचायची, आणि बस माझ्या बेताने सुटत नसे.

मग पायलट स्टँड. तिथला रिवाज असा की रांगेत ज्याची गाडी पहिली, त्याच्या मागे बसायचं. मी तोही पाळला नाही. रांगेत बहुतेक वेळा पहिला म्हातारा दुमिंग असायचा. हातातला पेपर घडी करून म्हणायचा, "बाई, मी नेतो की पणजीला."

"न्याल हो दुमिंग, पण आजच्या आज का?"

सगळे हसायचे, दुमिंग पुन्हा पेपर उघडायचा, आणि रांगेच्या शेवटून तू येझदीला लाथ मारायचास. तुझा नंबर मागे असताना तुला पुढे ओढून नेणारी मीच. तू पहिल्या दिवशी, "बाई, दुमिंग आधी," म्हणाला होतास. मी म्हणाले, "दुमिंगला घाई नाही, मला आहे." यात तर्क कुठे होता, मला विचारू नकोस. मी तो फक्त शिकवत होते.

मी साडी सावरून एका बाजूला बसायची. एका हातात पिशवी आणि छत्री, दुसरा हात तुझ्या खांद्यावर. पहिलं वळण ओलांडेपर्यंत तू माणसासारखा चालवायचास. मग मी घड्याळ बघायची आणि म्हणायची, "इनास, ही काय मिरवणूक आहे?" एवढं पुरायचं.

हवालदार हळर्णकरांची आणि आपली पहिली भेट झाली ती बसपायी. बस नुकतीच सुटलेली, मागचं दार उघडं. तू बसच्या बाजूला गाडी लावलीस आणि तिच्याच वेगाने चालवू लागलास. मी म्हणाले, "जरा जवळ घे." तू घेतलीस. मी चालत्या मोटरसायकलवरून चालत्या बसच्या पायरीवर पाऊल ठेवलं. आत चढले, बसायला जागासुद्धा मिळाली. फार अभिमान वाटला. खिडकीतून मागे पाहिलं तर हळर्णकर शिटी तोंडात धरून उभे होते, पण फुंकायला विसरले होते. भानावर आल्यावर त्यांनी तुझं नाव लिहून घेतलं. ती वहीतली पहिली नोंद.

दुसरी बाजारापाशी. एकमार्गी रस्ता, आपण उलट दिशेने. वरून उतार होता म्हणून तू इंजिन बंद केलंस, म्हणजे आवाज नको. खाली हळर्णकर हात आडवे करून उभे.

"काय रे एकशे बारा, पाटी दिसत नाही?"

तू काही बोलण्याआधी मी उतरले. "हवालदार, इंजिन बंद आहे. इंजिन बंद असलेली गाडी म्हणजे वाहन नव्हे. ते सामान झालं. सामान उलट दिशेने नेऊ नये असं पाटीवर कुठे लिहिलंय?"

"आणि तुम्ही बाई?"

"मी सामानावर बसले होते."

हळर्णकर शांत माणूस. म्हणाले, "बाई, सामानावर बसून कुणी एवढ्या वेगाने येतं? त्या मासेवालीची पाटी पडायची राहिली." मासेवालीने लगेच दोन हात कमरेवर ठेवून साक्ष दिली, "माझे बांगडे उडाले असते हो! ही शिकलेली बाई, हिला कोण बोलणार!" तुझ्या नावावर दुसरी नोंद. माझ्या नावावर काहीच नाही. मागे बसणाऱ्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

हळर्णकरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, मी ऐकलं. "बाबा, तिसरी नोंद झाली की प्रकरण वाहतूक कार्यालयात जातं. बिल्ला काढून घेतात. लग्न ठरलंय ना तुझं? जरा सांभाळ." तू मान हलवलीस. दोन आठवडे खरोखर सांभाळलंस. त्या दोन आठवड्यांत मी कॉलेजात चार वेळा उशिरा पोचले आणि चारही वेळा तुझ्यावर डाफरले.

तिसरी नोंद गतीमुळे झाली असती तर मी गप्प बसले असते. ती झाली भक्तीमुळे.

म्हापसा ते पणजी वाटेत सात खुरीस, रस्त्याकडेचे क्रूस, लागायचे. प्रत्येक खुरसासमोर तू उजवा हात हँडलवरून काढून कपाळ, छाती, खांदे करायचास. उजव्या हातात गाडीचा वेग असतो. हात सुटला की गाडी मंदावणार, आणि मी मागून ओरडणार. म्हणून तू एक युक्ती काढलीस. खुरीस दिसायला लागला की आधीच वेग दामटायचा, म्हणजे हात सोडून देवाचं होईपर्यंत गाडी त्या जोरावर पळत राहील. आपण सर्वांत वेगात असायचो ते बरोबर देवाच्या समोर, एका हाताने. मला ही युक्ती फारच शास्त्रशुद्ध वाटली होती. मी स्टाफरूममध्ये तिची तारीफ केली होती.

आणि तुला काय बोलू, माझ्या वाटेवर तीन देवळं होती. तिथे मी तुझ्या खांद्यावरचा हात काढून, पिशवी मांडीवर ठेवून, दोन्ही हात जोडायची. तुझे सात, माझे तीन. दैवयोगाने तुझे खुरीस आणि माझी देवळं कधी एका जागी येत नसत.

त्या वर्षी गिरीच्या शेतांजवळ कुणीतरी राखणदार देवाची घुमटी नव्याने बांधली. बरोबर तुझ्या चौथ्या खुरसासमोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. नारळ फोडून सुरू केली ती रविवारी. सोमवारी सकाळी आपण तिथे आलो. खुरीस दिसला, तू वेग दामटलास आणि हात सोडलास. मला घुमटी दिसली, मी हात जोडले. आणि हळर्णकर त्याच जागी, दोघांच्या मधोमध, रस्त्यात उभे होते. पण तेही घुमटीकडे वळून, डोळे मिटून, हात जोडून.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा आपण दहा हातांवर होतो. त्यांनी उडी मारली. तू "जेजू!" म्हणून ब्रेक दाबलास. येझदी थांबली. मी थांबले नाही. मी पुढे, डावीकडे, गुडघाभर पाण्याच्या शेतात जाऊन बसले. बसलेच. पडण्यातही ऐट गेली नाही माझी. छत्री उघडून शेजारी पडली, आणि परीक्षेचे साठ पेपर भाताच्या रोपांमधून पणजीच्या दिशेने निघाले.

हळर्णकरांनी विजार वर केली आणि पेपर गोळा करायला उतरले. तू बांधावर उभा राहून, "बाई, लागलं काय? बाई, बोला की मरे!" करत होतास. मला कोपराला खरचटलं होतं, आणखी काही नाही. हळर्णकरांनी चिखलातला एक पेपर उचलला, पाहिला. "बाई, या पोराला चार मार्क? जरा बघा की, काहीतरी लिहिलंय बिचाऱ्याने."

"तुमच्या ओळखीतला आहे?"

"नाही. पण आज माझं मन भरून आलंय. वाचलो ना."

मग त्यांनी वही काढली.  "हँडल सोडून गाडी चालवली, मागे बसलेली बाई शेतात पडली. हे लिहावंच लागेल, एकशे बारा."

 "आणि तुम्ही काय करत होता, हवालदार?" एवढा एक प्रश्न तू विचारला असतास तर त्यांची वही बंद झाली असती. तू विचारला नाहीस, कारण तुला भलं वागायचं होतं. मी विचारला नाही, कारण मी ओले पेपर मोजत होते.

पंधरा दिवसांनी वाहतूक कार्यालयात सुनावणी. तू पांढरा शर्ट घालून आलास, लग्नासाठी शिवलेला. जिन्यात मला थांबवलंस.

"बाई, एकच सांगा. मी पडले नाही, मी उतरले. साहेब विचारतील, तुम्ही एवढंच म्हणा. हळर्णकर काही बोलणार नाहीत, मी त्यांना भेटून आलोय."

"खोटं बोलू?"

"बाई, तुम्ही सामानावर बसून आला होता ना बाजारात?"

मी पदर सावरला आणि वर चढले. 

आत साहेब. गोरे, चष्म्याचे, टोकदार पेन्सिल घेऊन बसलेले. हळर्णकरांनी अहवाल वाचला, तोही भराभर, जीभ चावल्यासारखा. शेताचा उल्लेख तर खोकल्यातच गेला. साहेब माझ्याकडे वळले. मी प्राध्यापिका म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली होती, त्यामुळे मी आणखी चढले होते.

"बाई, आपण याच्या गाडीवर नेहमी बसता?"

"पाच वर्षं."

"कसा चालवतो?"

इनास, मी तुझ्यासाठी बोलणार होते. देवाशपथ. वाक्य मनात तयार होतं: पडले नाही, उतरले. पण त्यांनी पडण्याचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, कसा चालवतो. आणि तुझं कौतुक करायची मला कधी संधीच मिळाली नव्हती.

"उत्तम!" मी म्हणाले. "साहेब, असा हात आख्ख्या बार्देशात नाही. म्हापसा ते पणजी तेरा किलोमीटर हा मला अकरा मिनिटांत पोचवतो. मी घड्याळ लावून पाहिलंय."

 हळर्णकर छताकडे बघू लागले. साहेबांनी पेन्सिल उचलली आणि कागदाच्या कडेला गुणाकार मांडला.

"ताशी एकाहत्तर किलोमीटर," ते म्हणाले. "बाई, मर्यादा पन्नास आहे."

मी तिथे तरी थांबायचं ना? मी म्हणाले, "आणि त्या दिवशी पर्वरीला म्हैस आडवी आली होती."

तू उभ्या उभ्या डोळे मिटलेस आणि हळूच कपाळ, छाती, खांदे केलेस. तेवढ्या एकाच वेळी तुझे दोन्ही पाय जमिनीवर होते.

निकाल सहा महिने. बिल्ला टेबलावर ठेवून जायचा. सहा महिन्यांनी जी बाई पडली तिने तुझ्याबरोबर हजर राहायचं, आपली काही तक्रार नाही अशी साहेबांसमोर सही करायची, मग बिल्ला परत. सोमवारी, साडेदहा ते बारा. बिल्ला काढताना टाचणी शर्टात अडकली, तुला निघेना. शेवटी हळर्णकरांनी काढून दिली.

जिन्यात तू विचारलंस, "बाई, मी काय सांगितलं होतं?"

"पडले नाही, उतरले."

"मग?"

"त्यांनी विचारलंच नाही रे."

मागून हळर्णकर येत होते. म्हणाले, "बाई, रागावू नका. पण मी एवढं पक्कं कधी सिद्ध केलं नसतं."

दुसऱ्या दिवशी तू स्टँडवर बसून मडगार्डला काळा रंग देत होतास. बिल्ला नाही तर पिवळं मडगार्ड चालत नाही. दुमिंग डबा धरून बाजूला बसला होता. मी त्या दिवशी वेळेवर आले होते. बसमध्ये चढले, खिडकीतून पाहिलं, आणि उतरले नाही. बस सुटायला चार मिनिटं होती. चार मिनिटं मी नुसती बसून राहिले, इनास. माझ्याकडे तेवढा वेळ होता.

लग्न जानेवारीतच झालं. पेद्रू शब्दाचा पक्का: रिकामा जावई नको. लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी आमच्या दारात पों पों वाजलं. आई म्हणाली, "नवा पोदेर आला वाटतं." मी दार उघडलं. तू सायकलवर, मागे कापड झाकलेली टोपली, मान खाली. मी, "इनास..." म्हणाले. तू म्हणालास, "किती पाव, बाई?"

"सहा."

"गरम आहेत. हात भाजेल."

फिलू, तुला आठवत असेल, हा सायकलसुद्धा कशी चालवायचा. म्हापशात सर्वांत आधी गरम पाव आमच्या वाड्यावर पोचायचा. हळर्णकरांनी त्याला एकमार्गी रस्त्यात सायकलवरही दोनदा अडवलं, पण लिहिलं काही नाही. म्हणाले, सायकलला वही नाही.

सहा महिने झाले तेव्हा तू दारात म्हणालास, "बाई, या सोमवारी जाऊया का? सहीला?"

पहिल्या सोमवारी आपण भांडलो. मी म्हणाले बसने जाऊ. तू म्हणालास, "स्टँडवरून मी बसमध्ये चढताना सगळे बघणार? मी येझदीवरून नेतो." मी म्हणाले, त्या गाडीवर बसून त्याच साहेबासमोर मी जाणार नाही. दुसऱ्या सोमवारी चर्चचं फेस्त. तिसऱ्या सोमवारी कॉलेजची तपासणी. मग पेद्रूला छातीचा त्रास झाला, भट्टी तुझ्या गळ्यात आली. मग पाऊस, मग परीक्षा, मग तुझी मुलगी झाली. दर महिन्यादोन महिन्यांनी तू पाव मोजता मोजता विचारायचास, "सोमवारी?" आणि मी म्हणायची, "सोमवारी नक्की." काही वर्षांनी तू विचारायचं सोडलंस. मी मनात, बरं झालं, म्हणाले.

तुझ्या नातवाला एवढं सांग, फिलू. तपासणी वगैरे सगळी निमित्तं. मी घाबरत होते. तो साहेब पेन्सिल उचलून पुन्हा विचारेल, "बाई, आज किती मिनिटं?" आणि दुसरं. सकाळी सहाला दारात गरम पाव येत होता, आणि जो माणूस मला रस्त्यावरून उडवत न्यायचा तोच तो घेऊन येत होता. मला दोन्ही हवं होतं. बिल्ला परत मिळाला असता तर, इनास, तू पाव सोडला असतास. मला हे तेव्हाही कळत होतं. मी तर्कशास्त्र शिकवत होते, एवढं साधं मांडणं मला जमत होतं.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही इंग्लंडला निघालात त्याच्या आदल्या शनिवारी तू निरोप घ्यायला आलास. फिलूने गोडाला बिबिंक आणलं होतं. तू खिशातून कागद काढून टेबलावर ठेवलास. तोच अर्ज, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. तुझी सही आहे, माझी जागा मोकळी.

"बाई, आता त्याचा काय उपयोग," तू म्हणालास, "पण ते कार्यालय अजून आहे. मी विचारून आलो. जुने बिल्ले ते फेकत नाहीत, एका पेटीत ठेवतात."

मी म्हणाले, "अरे, मग जाऊ की. सोमवारी."

तू हसलास. "सोमवारी माझं विमान, बाई."

"कितीला?"

"सकाळी सव्वानवाला."

कार्यालय साडेदहाला उघडतं.